जुनी चोळी, लुगडी, पानाचे डबे जमवणारं कुणी आहे का इथे?

निशिगंधा_ठाणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर, गंजकी कुलपं आणि मिक्सरची फुटकी भांडी यांच्या मधोमध मला एक चोळी मिळाली. खणाची, वांगी रंगाची, पुढे गाठ मारायची. काखेत दुसऱ्याच कुठल्या तरी कापडाचा चौकोनी तुकडा लावलाय. विकणाऱ्याने दोनशे सांगितले, दीडशेला दिली, वर "ताई, पेशवाईतली आहे" असंही ऐकवलं. तेव्हापासून डोकं फिरलंय. आजीच्या घरातली फणीकरंड्याची पेटी, मामाकडचा पानाचा डबा, शेजारच्या आजींचं टिचबटणांचं झंपर, दिसेल त्यावर डोळा असतो.

आता अडचणी. आई ती चोळी कपाटात ठेवू देत नाही. "कुणाच्या अंगावरची कोण जाणे, ती बाई आहे की गेली तेही ठाऊक नाही" हे तिचं म्हणणं. सध्या चोळी पिशवीत घालून गॅलरीत टांगलीय. शिवाय ही खरंच किती जुनी ते कसं ओळखायचं? कुबट वास येतोय, तर धुवायची कशी? आणि जरा लाजतच विचारते, उसवून माझ्या मापाची करून घातली तर चालेल का?

पेठेतला_पक्या

जुन्या बाजारात मूर्तीपासून मफलरपर्यंत सगळं पेशवाईतलंच असतं. मला एकाने पेशवाईतला टॉर्च विकायचा प्रयत्न केला होता. तेव्हा ते मनावर घेऊ नका.

बाजार बुधवारी आणि रविवारी. माल मांडत असतात तेव्हाच पोचायचं, चांगलं ते दुकानदार लोक सकाळीच उचलून नेतात. मुंबईत असाल तर भेंडी बाजारातला मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. कपडे तिथे कमी. दिवे, फर्निचर, सिनेमाची पोस्टरं जास्त. आणि चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला तर फोटो काढा आणि पुढे चला. त्यातले बहुतेक नव्याने जुळवलेले असतात.

शिवणबाई

निशिगंधा, आधी आईचं बघू, कारण ते सुटल्याशिवाय बाकीचं काही होणार नाही.

मी साताऱ्याकडची. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाले, आता जुने कपडे गोळा करते. माझ्या सासूबाईंचंही हेच म्हणणं होतं. त्यांना मी एकच विचारलं होतं: बाळ जन्मल्यावर त्याला पहिलं अंगडं कशाचं घालतात? जुन्या कापडाचं. दुपटं कशाचं? आजीच्या विटक्या लुगड्याचं. पोर जगात आल्या आल्या आपण त्याला जुन्यातच गुंडाळतो. गोधडीत तर कुणाकुणाची लुगडी असतात याचा हिशोब कुणी ठेवत नाही. त्या म्हणाल्या, ते घरातलं असतं. मुद्दा बरोबर होता, मी वाद घातला नाही. त्यांच्या देखत सगळं स्वच्छ करायचं आणि वेगळ्या पेटीत ठेवायचं, एवढ्यावर आमचं मिटलं. तूही तसंच कर. पण गॅलरीतून आजच्या आज आत घे. ऊन रंग खातं आणि पावसाळी हवा उरलेलं खाते.

आता वय. जुना कपडा हातात आला की तो उलटा करायचा. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असते, शिवणाऱ्या हाताची सगळी कबुली आतल्या बाजूला.

काखेतला तो तुकडा ठिगळ नाही. खणाच्या चोळीला मुंढ्याची गोलाई कापत नसत, कापड वाया जातं म्हणून. सरळ तुकडे जोडायचे आणि हात वर करताना ओढ बसू नये म्हणून काखेत चौकोन घालायचा. घाम तिथेच मुरतो, त्यामुळे तो तुकडा सगळ्यांत आधी विरतो आणि बदलला जातो. म्हणून काखेवरून चोळीचं वय ठरवू नकोस. तो तिच्यापेक्षा पुष्कळ लहान असू शकतो.

मग शिवण बघ. टीप दोन्ही बाजूंनी सारखी, टाके मोजून घेतल्यासारखे एका लांबीचे असतील तर यंत्रावरची. सिंगरचं पेटंट १८५१ चं, पेशवाई बुडाली १८१८ ला. म्हणजे यंत्राची टीप निघाली की त्या विक्रेत्याचा दावा तिथेच निकालात निघाला. उलट मात्र खरं धरू नकोस. हातशिलाई आहे म्हणून जुनी, असं होत नाही. खेड्यात बायका चोळ्या हातानं शिवायच्या ते मी स्वतः पाहिलंय. टिचबटणंही १८८५ नंतरची, त्या साली जर्मनीत त्यांचं पेटंट झालं. शेजारच्या आजींचं झंपर त्याच्या अलीकडचं हे नक्की.

रंगाचंही तसंच. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने डांबरातून पहिला कृत्रिम रंग काढला, आणि तो नेमका जांभळा निघाला. त्याआधी वांगी रंग हवा तर निळीवर लाखेचा किंवा मंजिष्ठाचा लाल चढवायचा, दुप्पट मेहनत. तुझ्या चोळीची शिवण जिथे आत दुमडलीय तिथे ऊन पोचलेलं नाही, तिथला रंग बघ आणि बाहेरचा बघ. त्याने साल कळणार नाही, पण मूळ रंग किती भडक होता ते दिसेल आणि तुला गंमत वाटेल.

धागा कसला आहे ते बघायचं तर आतल्या शिवणीतून एक तंतू ओढ आणि चिमट्यात धरून जाळ. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. कागद जळल्याचा वास म्हणजे सूत किंवा नकली रेशीम. वितळून टणक मणी झाला तर टेरिलीन, मग पुढे बोलायलाच नको. कर्नाटकातल्या गुळेदगुडच्या खणांत पुढे नकली रेशीम फार आलं, त्यामुळे तसं निघालं तर हिरमुसू नकोस.

धुणं: रेशीम असेल आणि जर असेल तर पाण्याला लावूच नकोस. सावलीत, हवेशीर जागी, चादरीवर आडवी पसर. सुती असेल तर आधी ओल्या पांढऱ्या बोळ्याने एका कोपऱ्यात दाबून रंग जातो का बघ. जात नसेल तर रिठ्याचं पातळ पाणी, पिळायचं नाही, उचलताना खाली कापड धरून उचलायचं, कारण ओलं जुनं कापड स्वतःच्या वजनानेही फाटतं. खळ अजिबात नको, किड्यांना तेच हवं असतं. कसर लागल्याची शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायची आणि पंधरा दिवस फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, घरच्या हवेला येऊ दे, नाहीतर कापडावर पाणी सुटतं. जी आई कपाटात ठेवू देत नाही ती फ्रीजरमध्ये कशी ठेवू देईल हा प्रश्न आहेच, तो तुझा तू सोडव. ठेवताना डांबरगोळ्या कापडाला आणि जरीला चिकटून नकोत. वेखंड किंवा लवंगांची पुरचुंडी बाजूला ठेव. घडी एकाच रेघेवर वर्षानुवर्षं राहिली की रेशीम त्या रेघेवर चिरतं, अधूनमधून घडी बदल.

मी हे सगळं का करते म्हणशील, तर एका लुगड्याचं सांगते. काळं इरकली, सुती अंग, लाल रेशमी पदर. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगळा असतो, ते दोन्ही फासे अडकवून जोडतात, त्याला टोप तेणी म्हणतात. उलट बाजूला ती जोडाची ओळ बोटाला लागते. हे झालं विणकराचं. पण या लुगड्याला दांड घातलेला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लुगडं मधे विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे, तो जोड म्हणजे दांड. गरिबाघरची रोजची गोष्ट. या बाईने जोड कुठे आणलाय, तर बरोबर निऱ्यांत. नेसल्यावर दिसणारच नाही. दोरा वेगळा आणलेला नाही, त्याच लुगड्याच्या विरलेल्या भागातून काळे तंतू काढून त्यांनीच शिवलंय. काठाला काठ जुळवताना काठातली एक रेघ अर्ध्या सुताने सरकत होती, तर तेवढ्यात कापड किंचित ओढून घेतलंय. ती चुणी भिंगाशिवाय दिसत नाही. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला मी त्या जोडाला पैकीच्या पैकी दिले असते. हे लुगडं मला बोहारणीकडून मिळालं, एका पातेल्याच्या बदल्यात. ती हसतच सुटली, कारण उलटं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. उसवू नकोस. वर्तमानपत्रावर तिचा नमुना काढ, नवा खण आण, त्या बेताने नवी शिव. काखेतल्या चौकोनासकट. घालून बघ, आजकालच्या ब्लाउजपेक्षा हात कितीतरी मोकळा राहतो.

अवनी_शिवते

काकू, प्रतिसाद एक नंबर, वाचनखूण साठवली. पण शेवटच्या परिच्छेदाला जोरदार विरोध.

तुमच्या त्या दांडवाल्या बाईने कात्री चालवलीच ना? ती जर "जुनं आहे, हात लावू नका" म्हणाली असती तर तुमच्याकडे आज काय आलं असतं? आपल्याकडे कापड कधीच पेटीत पूजेला नव्हतं. लुगड्याचं परकर, परकराचं दुपटं, दुपट्याचं पोतेरं. मी जुन्या साड्यांचे कुर्ते, जॅकेटं शिवते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या साड्या अशाच "जपून ठेवलेल्या" असतात, म्हणजे तीस वर्षं कुणी उघडलेल्या नसतात आणि घडीवर फाटलेल्या असतात. मुलीला घालू दे की. चोळी घालायलाच शिवली होती.

शिवणबाई

अवनी, पोतेऱ्यापर्यंतचा क्रम बरोबर सांगितलास, नाकारत नाही. पण त्या बाईने विरलेलं कापलं, धड ठेवायला कापलं. तू धडातून कापतेस. चिरलेल्या, डागाळलेल्या साडीचं जॅकेट कर, मीच तुला आणून देईन. पण जिचा काठ-पदर शाबूत आहे आणि जी पुन्हा विणली जाणार नाही, तिच्यावर कात्री ठेवायची तर मला आधी फोन कर. मी बदल्यात नवी साडी देते.

आणि शिवलेल्या कपड्याचं गणित आणखी वेगळं. लुगडं सरळ कापड आहे, त्याचं काय होतं ते मोजता येतं. चोळी उसवली की बेतच गेला, आणि जुने बेत कुणी लिहून ठेवलेले नाहीत. शिवणाऱ्या बायकांच्या हातातच होते ते.

अवनी_शिवते

बेताचा मुद्दा मान्य. काठाचा नाही. :) नवी साडी देण्याची ऑफर मात्र लेखी घेतली आहे असं समजते.

निशिगंधा_ठाणे

बापरे, किती शिकायला मिळालं! काकू, रात्री जागून चोळी उलटी केली. अंगाची शिवण यंत्राची आहे, म्हणजे पेशवाई गेली. तंतू जाळला तर कागदाचा वास आला. थोडं वाईट वाटलं, मग नाही वाटलं.

पण काखेच्या डाव्या तुकड्यावर आतून फिकट निळी अक्षरं आहेत, छापल्यासारखी, अर्धी कापलेली. उजव्या तुकड्यावर काही नाही. हे काय असेल?

शिवणबाई

गिरणीचा शिक्का! अगं, मांजरपाटाच्या ताग्याच्या टोकाला गिरणी आपलं नाव आणि कापडाची लांबी छापायची. टोकाचं कापड शिक्क्यामुळे बाहेरच्या बाजूला वापरता येत नाही, म्हणून शिंपी ते अस्तराला, काखेला असं आत दडवतो. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला उभी राहिली, त्यानंतर इतक्या झाल्या की अर्ध्या अक्षरांवरून नाव लावणं कठीण. पण प्रयत्न करू. दिवा तिरका धरून, जवळून फोटो काढ आणि इथे टाक. तो होईपर्यंत त्या तुकड्याला पाणी लावू नकोस, ती शाई पाण्यात टिकेलच असं नाही.

तांबट_आळी

उशिरा आलो. मी भांड्यांतला माणूस, कपड्यांतलं कळत नाही, पण "उलटं करून बघा" हे आमच्याकडेही चालतं. पितळ काळं करून जुनं म्हणून विकणं सोपं आहे, आम्ल लावलं, मातीत पुरलं की झालं. पण झीज खोटी करता येत नाही. अडकित्ता घ्याल तर खिळ्यापाशी बघा, दोन पाती एकमेकांवर घासून तिथे खळगा पडलेला असतो. वज्री घ्याल तर टाचेला लागणारी बाजू बोटाने चाचपा. पाय घासून घासून ती गुळगुळीत झालेली असते आणि वरचा मोर मात्र टोकदार राहिलेला असतो. सगळीकडे सारखीच काळी आणि सारखीच खरखरीत असेल तर परत ठेवा.

नजर तयार करायला केळकर संग्रहालयाला जा, पुण्यात बाजीराव रोडला. दिनकर केळकर (१८९६–१९९०) या माणसाने पानाचे डबे, अडकित्ते, दिवे, वज्री, दारं, वाद्यं, बायकांच्या प्रसाधनाच्या पेट्या असं सगळं गावोगाव फिरून जमवलं, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये तो सरकारला देऊन टाकला. सगळ्यात मला आवडतं ते हे की यातल्या पुष्कळशा वस्तू स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या आहेत. आईलाही घेऊन जा, निशिगंधा. "हे आमच्याकडे होतं" म्हणायला लागल्या की तुमची गॅलरीची अडचण आपोआप सुटेल.

एक सावधगिरी. हस्तिदंती फणी किंवा वाघनखाचं लॉकेट कुणी विकायला आणलं, तर कितीही जुनं असलं तरी हात लावू नका. वन्यजीव कायद्याने त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि "आमच्या आजोबांचं आहे" हे कारण चालत नाही.

एडिसनची_मीरा

न्यू जर्सीहून लिहितेय. धागा वाचून धाडस आलं. पणजीच्या लग्नातली पैठणी आईकडे डोंबिवलीला आहे, राघू रंग, पदरावर वेलबुट्टी. मोर नाहीत, त्यामुळे मावशी म्हणते ही पैठणी नाहीच. या डिसेंबरला येतेय, इकडे घेऊन जावी म्हणते. आई म्हणते जरवाल्याला दाखव, तो किंमत सांगेल. काय करू?

शिवणबाई

मीरा, जरवाल्याला अजिबात दाखवू नका. त्याला किंमत कळते ती चांदीची. दारावर येऊन तोळ्यावर मोजून पैसे देणाऱ्या लोकांनी किती पैठण्या भट्टीत घातल्या असतील देव जाणे. जुनी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. जाळली की रेशीम जातं, चांदी हाती येते. आईला घरीच बघायला सांगा: जर काळवंडली असेल तर काळजी नको, चांदी काळवंडतेच. हिरवट झाक असेल तर आत तांबं आहे.

मोर नाहीत म्हणून पैठणी नाही हे काही खरं नाही. फुलांची वेल, आसवली म्हणतात ती, जुन्या पैठण्यांत भरपूर. पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत रंगाचे धागे एकमेकांत अडकवत विणतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. उलट बाजूला लोंबते धागे दिसले तर ती वेगळ्या विणीची.

तांबट_आळी

मीरा, नेण्याआधी एक गोष्ट. १९७२ चा पुरावस्तू कायदा, १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते, त्यात कापडही आलं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीच्या लग्नाचं साल आधी काढा. पत्रिका, फोटो, काहीही चालेल. शंभरीच्या आतली असेल पण दिसायला जुनी असेल, तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. त्याला वेळ लागतो, डिसेंबरला यायचं तर कागद आत्ताच हलवा. शंभर ओलांडली असेल तर ती डोंबिवलीलाच बरी.

एडिसनची_मीरा

पणजोबांची पत्रिका मामाकडे आहे म्हणे. लग्न १९२८ चं असावं असं आईला वाटतं, म्हणजे अगदी काठावर! साल पक्कं झालं की लिहिते. तोवर ती स्टीलच्या कपाटात प्लास्टिकच्या कव्हरात आहे, ते ठीक ना?

शिवणबाई

नाही. आजच कव्हर काढायला सांगा, आत दमट कोंडतं आणि डोंबिवलीचा पावसाळा आहे. जुनं, धुऊन खळ काढलेलं मलमल घ्यायचं, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर ते आधी गुंडाळायचं, त्यावर पैठणी, जरीचा भाग एकमेकांवर घासू नये म्हणून मधे मलमलचा थर. हॅंगरला लावायची नाही. आईंना एकटीला जमणार नाही, दोघी जणी लागतात.